खुलदाबाद : उपासना, उपकार आणि चिरंतन सुखाचा प्रश्न

मराठीत 'जन्नत' या शब्दासाठी आपण सहजपणे 'स्वर्ग' हा शब्द योजतो. परंतु त्यामुळे एक महत्त्वाचा भेद लोपतो. आपल्या परंपरेतील स्वर्ग पुण्याचा संचय सरताच सुटतो. कुराणातील जन्नत चिरंतन आहे. या चिरंतनत्वास अरबीत 'खुल्द' म्हणतात, आणि दौलताबादेजवळील खुलदाबादच्या नावात तोच शब्द आहे. या गावाकडे बहुधा औरंगजेबाचे दफनस्थान म्हणूनच पाहिले जाते. त्यामुळे तेथे त्याच्याही पूर्वी विचारला गेलेला एक प्रश्न मागे पडतो. चिरंतन सुखाचा अधिकारी कोण : नमाजात रमणारा, की दुसऱ्याची भूक भागविणारा?

कुराणात श्रद्धा व सत्कृत्ये यांचा, तसेच नमाज व जकात यांचा उल्लेख वारंवार जोडीने येतो. त्यामुळे वरवर पाहता येथे विरोध नाही. शिवाय जन्नत ही कर्माची किंमत नसून ईश्वरी कृपेचे दान आहे, असे हदीसही सांगते. तथापि या दोन्हींचे परस्पर मोल ठरविण्याचा प्रश्न उरतोच. दिल्लीचे चिश्ती सत्पुरुष निजामुद्दीन औलिया यांनी त्याचे उत्तर व्याकरणाच्या परिभाषेत दिले. कवी अमीर हसन सिज्जी याने 1308 ते 1322 या काळात त्यांची संभाषणे 'फवायदुल फुआद' या ग्रंथात नोंदविली. त्यांत भक्तीचे दोन प्रकार सांगितले आहेत : 'लाजिमी' म्हणजे अकर्मक व 'मुतअद्दी' म्हणजे सकर्मक. नमाज, रोजा, जप यांचे फळ कर्त्यापाशीच थांबते. अन्नदान व परोपकार यांचे फळ दुसऱ्यापर्यंत पोहोचते. पहिल्या प्रकारास अंतःकरणशुद्धीची अट आहे. दुसरा प्रकार मात्र कोणत्याही भावनेने घडला तरी पुण्यप्रद ठरतो. भुकेल्यास मिळालेला घास दात्याच्या हेतूवर अवलंबून नसतो, हा या विचाराचा गाभा होय.

हा विचार दक्षिणेत आला तो राजाज्ञेच्या मागोमाग. 1327 च्या सुमारास मुहंमद तुघलकाने दिल्लीतील प्रतिष्ठितांस दौलताबादेस पाठविले. त्या स्थलांतराच्या काळात निजामुद्दीनांचे शिष्य बुऱ्हानुद्दीन गरीब येथे आले व 1337 मध्ये येथेच निवर्तले. अमीर हसनही दौलताबादेस आला. त्याची कबर खुलदाबादेत दाखविली जाते. ज्या लेखणीने तो भेद नोंदविला, तिचा धनी अखेर याच भूमीत विसावला, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

पुढे सुमारे पावणेचारशे वर्षांनी, 1707 मध्ये, औरंगजेब अहमदनगर येथे मरण पावला व खुलदाबादेस जैनुद्दीन शिराजी यांच्या दर्ग्याच्या आवारात पुरला गेला. 'खुल्द-मकान' या त्याच्या मरणोत्तर उपाधीवरून 'रौजा' या गावास आजचे नाव मिळाले. त्याच्या नावे सांगितल्या जाणाऱ्या मृत्युपत्रात, टोप्या शिवून मिळविलेल्या चार रुपये दोन आण्यांतून कफनाचा खर्च करावा व कुराणाच्या प्रती लिहून मिळालेले तीनशे पाच रुपये फकिरांस वाटावेत, असे म्हटले आहे. 1679 मध्ये जिझिया पुन्हा लादणाऱ्या व दक्षिणेत पाव शतक युद्ध चालविणाऱ्या बादशहाने परलोकासाठी राजकोशातील धन वर्ज्य मानावे, यातील विसंगती उघड आहे. त्याच्या वैयक्तिक उपासनेविषयी फारसा वाद नाही. परंतु तिचे फळ प्रजेपर्यंत कितपत पोहोचले, हाच इतिहासाचा प्रश्न आहे.

या संदर्भात औरंगाबादची (आजचे छत्रपती संभाजीनगर) पाणचक्की आठवते. नक्शबंदी फकीर बाबा शाह मुसाफिर यांच्या स्थानी शहराबाहेरील झऱ्याचे पाणी मातीच्या नळांनी आणून त्यावर जाते फिरविण्यात आले. त्या पिठावर फकिरांचे व पांथस्थांचे पोषण होई. मृत्यूनंतरही ज्याचे पुण्य खंडत नाही अशा दानास इस्लामी परिभाषेत 'सदका-ए-जारिया', म्हणजे वाहते दान, म्हणतात. येथे तो शब्द अक्षरशः खरा ठरला.

कोण जन्नतीस पोहोचला, हे सांगणे इतिहासकाराच्या कक्षेबाहेरचे आहे. परंतु कोणत्या भक्तीचा लाभ कोणास झाला, हे कागदपत्रांवरून पाहता येते. पुण्याच्या पेशवे दप्तरात दर्गे व मशिदी यांच्या इनामांचे कागद आहेत. त्यांतील दिवाबत्ती व अन्नदान यांचे प्रमाण तपासल्यास हा अकर्मक-सकर्मक भेद व्यवहारात कितपत उतरला, याचा निर्णय करणे शक्य होईल. तरुण संशोधकांनी हे काम अंगावर घ्यावे.