किंमत आणि खर्च: अमेरिकेतील विद्युत-मोटारीचा पूर्वेतिहास (१८९७–१९२४)

विद्युत-मोटार बाळगणे अधिक किफायतशीर की पेट्रोल-मोटार, हा वाद एकविसाव्या शतकात नव्याने उपस्थित झाला असला, तरी तो मुळात नवा नव्हे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९०० साली तयार झालेल्या ४,१९२ मोटारींपैकी १,६८१ वाफेवर, १,५७५ विजेवर आणि केवळ ९३६ पेट्रोलवर चालणाऱ्या होत्या, असे तेथील जनगणनेवरून दिसते. पुढील दोन दशकांत हे प्रमाण सर्वस्वी उलटले. या पालटाची मीमांसा करताना सामान्यतः तीन कारणे पुढे केली जातात: १९०१ साली टेक्सासमधील स्पिंडलटॉप येथे लागलेले विपुल तेल, १९०८ साली अवतरलेली फोर्डची ‘मॉडेल टी’ आणि चार्ल्स केटरिंग याने सिद्ध केलेला व १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत बसविलेला विद्युत-प्रारंभक. ही कारणे खोटी नव्हेत. परंतु त्यांपैकी पहिली दोन किमतीविषयी आणि तिसरे सोयीविषयी बोलते. गाडी बाळगण्याच्या एकूण खर्चाचा हिशेब त्यांत येत नाही.

या हिशेबातील मुख्य अडचण बॅटरीची होती. पेट्रोलच्या गाडीचा मालक इंधनाचे पैसे वेळोवेळी देई. विजेच्या गाडीच्या मालकाला मात्र विजेखेरीज बॅटरीच्या झिजेचाही भार सोसावा लागे, आणि तो किती पडेल हे आधी सांगणे दुष्कर असे. शिशाचे पत्रे धक्क्यांनी, अतिभाराने व अयोग्य भारणामुळे लवकर निकामी होत. म्हणजे एकच गाडी निष्काळजी हातांत महाग आणि जाणत्या हातांत स्वस्त ठरे.

न्यूयॉर्कमधील भाड्याच्या विद्युत-गाड्यांचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे. १८९७ साली सुरू झालेली ही सेवा लवकरच इलेक्ट्रिक व्हेइकल कंपनीकडे आली. तिच्या मुख्य स्थानकात अर्ध्या टनाहून जड अशी बॅटरी यंत्राच्या साहाय्याने काही मिनिटांत बदलली जाई. मालकी, देखभाल आणि भारण एकाच संस्थेच्या हाती असल्याने खर्च आटोक्यात राहावा, ही त्यामागील कल्पना होय. परंतु भांडवलाच्या जोरावर झालेल्या अतिविस्ताराबरोबर कुशल देखभाल वाढली नाही, आणि १९०७ साली कंपनीचे दिवाळे वाजले. त्यावरून विद्युत-गाडीच मुळात तोट्याची होती असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे ठरेल.

कारण लगेचच हार्टफर्ड येथे याच कल्पनेला निराळे फळ आले. तेथील वीज कंपनीने १९१० पासून मालवाहू विद्युत-गाड्यांसाठी बॅटरी-सेवा चालविली. ग्राहकाने गाडी बॅटरीविना विकत घ्यावी, ठरावीक मासिक शुल्क भरावे आणि धावलेल्या मैलांप्रमाणे आकार द्यावा, अशी ही व्यवस्था होती. त्यामुळे झिजेची जोखीम व्यापाऱ्याच्या अंगावरून उतरून ती जाणणाऱ्या संस्थेकडे गेली आणि अनिश्चित घसाऱ्याचे रूपांतर निश्चित दरात झाले. १९२४ पर्यंत चाललेल्या या सेवेत गाड्यांनी ६० लाखांहून अधिक मैल मजल मारली.

मग हीच पद्धत सर्वत्र का रुजली नाही? एक तर ती वीज कंपनीच्या परिसरापुरतीच चाले. १९२० सालीही अमेरिकेतील सुमारे एक-तृतीयांश घरांतच वीज पोचली होती. पेट्रोल मात्र डब्यातून कोठेही नेता येई. दुसरे असे की, सामान्य ग्राहक एकूण खर्चापेक्षा प्रथम द्यावयाच्या रकमेकडे पाहतो. ‘मॉडेल टी’ची प्रवासी गाडी आरंभी ८५० डॉलरांस मिळे, १९२५ पर्यंत तिच्या दोन आसनी प्रकाराची किंमत २६० डॉलरांवर आली. एवढ्या अंतरापुढे देखभालीतील बचतीचा युक्तिवाद टिकणे कठीण होते. विद्युत-प्रारंभकाने हँडल फिरविण्याचे कष्ट वाचविले हे खरे. पण तोपर्यंत स्पर्धेचा कल बव्हंशी ठरून गेला होता.

तात्पर्य, मालकीचा ‘खरा खर्च’ ही यंत्राच्या ठायी असलेली स्थिर राशी नव्हे. गाडी दररोज किती धावते, भारणाची सोय कोठे आहे आणि झिजेची जोखीम कोण पत्करतो, यांवर तो अवलंबून असतो. २०१० नंतरच्या दीड दशकात लिथियम-आयन बॅटरीच्या किमती सुमारे नऊ-दशांशांनी उतरल्या. तरीही बॅटरीच्या आयुष्याची चिंता ग्राहकाच्या मनातून गेलेली नाही. भारत सरकारने ऑगस्ट २०२० मध्ये बॅटरीविना विद्युत-वाहनांची विक्री व नोंदणी करण्यास मुभा दिली, तेव्हा हार्टफर्डचाच जुना प्रश्न नव्या परिस्थितीत पुन्हा विचारला गेला. दोन गाड्यांच्या खर्चाची तुलना करणाऱ्या कोणत्याही कोष्टकात म्हणूनच आकड्यांआधी एक गोष्ट नमूद व्हावयास हवी: तो खर्च कोणाच्या खाती मांडला आहे.