लाटणे, तुरुंग आणि खुर्ची

चाकणचे नाव निघाले की संग्रामदुर्ग आठवतो. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने मूठभर शिबंदीनिशी शाएस्तेखानाच्या फौजेस सुमारे दोन महिने झुंजवत ठेवले, हे शाळकरी मुलासही ठाऊक असते. त्याच चाकणहून पुण्याची वाट धरली की काही कोसांवर येरवड्याचा तुरुंग आहे. सत्तेशी झुंजून तेथे गेलेल्या स्त्रियांची हकीकत मात्र इतकी परिचित नाही.

१९७५ हे संयुक्त राष्ट्रसंघाने जाहीर केलेले महिला वर्ष. त्याच वर्षी २५ जूनच्या रात्री देशात आणीबाणी आली, आणि ती आणणाऱ्या पंतप्रधान स्वतः स्त्रीच होत्या! १९७२ पासून महागाईविरुद्ध गृहिणींचे लाटणे-मोर्चे काढणाऱ्यांपैकी प्रमिला दंडवते येरवड्यात स्थानबद्ध झाल्या. अहिल्या रांगणेकरांनाही कारावास घडला. मृणाल गोरे भूमिगत राहिल्या, पण अखेर पकडल्या जाऊन अकोल्याच्या तुरुंगात गेल्या.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे नोंदविली पाहिजे. समान कामास समान वेतन देणारा कायदा याच राजवटीत, १९७६ साली झाला. मग तक्रार कशाची? तक्रार ही, की कायदा हाती दिला आणि तो अमलात आणविण्याची साधने, म्हणजे मोर्चा, सभा व निर्भीड वृत्तपत्र, काढून घेतली. मालकाने मजुरी कमी दिली तर मजूर बाईने दाद मागावी कोणाच्या बळावर? दान म्हणून मिळालेला हक्क दात्याच्या मर्जीवर जगतो.

१९७७ साली मृणालताई व अहिल्याताई लोकसभेवर निवडून आल्या. पाण्यासाठी लढलेल्या मृणालताईंच्या विजयाने ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’ ही घोषणा मुंबईत घुमली. तथापि त्या लोकसभेत स्त्रिया अवघ्या १९ होत्या. इतकी कमी संख्या दुसऱ्या कोणत्याही लोकसभेत नव्हती. एक स्त्री सिंहासनावर बसल्याने जसा स्त्रियांना आवाज मिळत नाही, तसा हुकूमशाही गेल्यानेही तो आपोआप मिळत नाही.

त्यासाठी राज्यघटनाच दुरुस्त करावी लागली. १९९३ पासून स्थानिक संस्थांत स्त्रियांसाठी एक-तृतीयांश जागा राखीव झाल्या. महाराष्ट्राने २०११ साली त्या निम्म्यावर नेल्या. २०१५ साली नगरपरिषद झालेल्या चाकणलाही तोच नियम लागू झाला. कारखान्यांच्या या गावी खुर्ची आता बाईच्या नावे आहे. तिच्यावर बसून ती नळाच्या पाण्याविषयी, कामगार बाईच्या पगाराविषयी स्वतः बोलते, की तिच्याऐवजी घरचा पुरुष बोलतो, एवढे पाहणे मतदारांच्या हाती आहे.