९० डॉलरचा शेअर १ डॉलरला

मंडळी, पडलेल्या शेअरबद्दल एक वाक्य हमखास ऐकू येतं: "एवढा पडलाय, आता अजून किती पडणार?" उत्तर सोपं आहे, शून्यापर्यंत. पटत नसेल तर कोडॅकची गोष्ट बघा.

१९७५ साली याच कंपनीतल्या स्टीव्ह सॅसन या इंजिनियरने डिजिटल कॅमेरा बनवला. पण पैसा फिल्मच्या रोलमध्ये होता, म्हणून कंपनी फिल्मलाच चिकटून राहिली. १९९७ मध्ये ९० डॉलरच्या वर गेलेला शेअर सप्टेंबर २०११ च्या अखेरीस १ डॉलरच्या खाली आला.

आता गंमत बघा. तेव्हा "घ्या" म्हणणाऱ्यांचा मुद्दा अगदीच बावळट नव्हता. कोडॅककडे डिजिटल फोटोग्राफीची सुमारे ११०० पेटंट्स होती. पुढे कोर्टात सादर झालेल्या अंदाजानुसार त्यांची किंमत होती २.२ ते २.६ अब्ज डॉलर. आणि अख्खी कंपनी बाजारात त्याहून कितीतरी स्वस्त! म्हणजे पेटंट्सवर कंपनी फुकट.

मग हिशोब चुकला कुठे? दोन ठिकाणी.

पहिली गोष्ट, रांग. १९ जानेवारी २०१२ ला कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा मालमत्ता होती ५.१ अब्ज डॉलरची आणि देणी जवळपास ६.८ अब्जांची. बँका, बाँडवाले, पुरवठादार, निवृत्त कामगारांचं पेन्शन, हे सगळे रांगेत पुढे. शेअरहोल्डर सगळ्यात मागे.

दुसरी गोष्ट, गिऱ्हाईक. आपण अडलोय हे समोरच्याला कळलं की तो भाव पाडणारच. ॲपल, गूगल अशा एरवी एकमेकांशी भांडणाऱ्या कंपन्यांनी इथे चक्क मिळून खरेदी केली. डिसेंबर २०१२ मध्ये सौदा ठरला तो फक्त ५२.५ कोटी डॉलरच्या आसपास. सप्टेंबर २०१३ मध्ये कोडॅक दिवाळखोरीतून बाहेर आली खरी, पण जुने शेअर रद्द करून.

"पण ॲपलसुद्धा बुडत होती ना?" हो. १९९७ च्या आर्थिक वर्षात १ अब्ज डॉलरहून जास्त तोटा. पण हाताशी सुमारे १.४६ अब्जांची रोकड होती, आणि तोटा थांबवणं आपल्याच हातात होतं. गोदामात पडून असलेला माल एका वर्षात ४३.७ कोटी डॉलरवरून ७.८ कोटींवर आला, आणि १९९८ ला ३० कोटींच्या वर नफा झाला. ॲपलचं दुकान नीट चालत नव्हतं. कोडॅकचा मालच लोकांना नको झाला होता. फरक इथे आहे.

थोडक्यात, माझ्यापुरता नियम असा: शेअर किती पडलाय हे शेवटी बघायचं. आधी बघायचं, रोकड किती दिवस पुरेल, आपल्या पुढे रांगेत कोण उभं आहे, आणि जी मालमत्ता बघून हुरळलोय ती घाईत विकायची वेळ आली तर किती मिळतील? एवढं करूनही स्वस्त वाटला, तर तो खरंच स्वस्त.