गाणं आत, गाणारा बाहेर

परवा आमच्या खोलीवर चारपाच पोरं आली होती. जयंतीच्या वर्गणीचा हिशोब घेऊन. हिशोब झाला, चहा झाला, आणि एकाची नजर फळीवरच्या रेकॉर्डींवर गेली. मॅरियन अँडरसन, पॉल रोबसन, लुई आर्मस्ट्राँग. शेजारी बेसबॉलची दोन जाडजूड पुस्तकं. "काका, हे सगळं साहेबलोकांचं. ह्यात आपलं काय?" दुसरा जास्त वाचलेला निघाला. म्हणाला, "आर्मस्ट्राँग म्हणजे दात काढून गोऱ्यांना रिझवणारा. आणि तुमचा तो जॅकी रॉबिन्सन, तो तर फितूर."

त्या दिवशी मला नीट बोलता आलं नाही. म्हणून लिहितो.

दोस्तहो, आमच्या आज्याकडं हलगी होती. पाटलाच्या घरचं लग्न तिच्याशिवाय लागत नव्हतं. पण आज्या मांडवात नाही, मांडवाबाहेर. वाजवणं आत जायचं, वाजवणारा बाहेर उन्हात. जेवण शेवटी, तेही वरून टाकलेलं. १९५६ साली बाबासाहेबांनी दीक्षा दिली, त्यानंतर बापानं ती हलगी विहिरीत फेकून दिली. बापाचं बरोबर होतं. पण मी लहानपणापासून कानानं तालाचा भुकेला, त्याला काय करू?

जाझ माझ्या कानावर आलं ते जाझ म्हणून आलंच नाही. १९३५ साली लिऑन ॲबीचा काळ्या वादकांचा बँड मुंबईत ताजमहाल हॉटेलात वाजत होता. ते आपल्या बापजाद्यांनी ऐकलं नाही, त्या दारात आपल्याला कोण उभं करणार होतं! पण गोव्याच्या ख्रिस्ती वादकांनी ते वाजवणं उचललं आणि पोटासाठी सिनेमात नेलं. चिक चॉकलेटची ट्रंपेट सी. रामचंद्रांच्या गाण्यात वाजली, आणि हॉटेलातलं संगीत चाळीतल्या रेडिओवर आलं. पुढं रात्री शॉर्टवेव्हवर व्हॉइस ऑफ अमेरिका लावायला शिकलो. विलिस कोनोव्हर इतकं सावकाश इंग्रजी बोलायचा की माझ्यासारख्या मराठी शाळेतल्यालाही नावं पकडता यायची. नावं वहीत लिहायची, मग चोरबाजारात जुन्या रेकॉर्डी धुंडाळायच्या. ही माझी शिकवणी.

आर्मस्ट्राँगवर मिळेल ते वाचत होतो. त्यात एक फोटो सापडला. १९३१ सालचा, न्यू ऑर्लिन्सचा. पांढरेशुभ्र कपडे घातलेले काळे बेसबॉलपटू, आणि त्यांच्याबरोबर आर्मस्ट्राँग. त्यानं आपल्या गावातल्या गरीब पोरांच्या टीमला स्वतःच्या पैशानं कपडे दिले होते. टीमचं नाव 'आर्मस्ट्राँग्ज सीक्रेट नाइन'. असं सांगतात की कपडे मळतील म्हणून पोरं मातीत घसरायलाच तयार नव्हती आणि मॅच हरली. मला हे वाचून हसू आलं, आणि मग आलं नाही. नवा शर्ट पहिल्यांदा अंगावर चढतो तेव्हाची ती भीती आपल्यातल्या कुणाला समजावून सांगायला लागत नाही. बेसबॉलचा नाद मला ह्या फोटोनं लावला. मैदानावर जाऊन एकही सामना बघितला नाही, पण चेंडूफळीच्या ह्या अमेरिकन चुलतभावाचे आकडे मी रात्र रात्र वाचलेत.

त्याच उन्हाळ्यात आर्मस्ट्राँग ज्या क्लबात वाजवत होता तिथं काळ्यांना प्रवेश नव्हता. क्लब नदीच्या बांधाला लागून. आत गोरे टेबलांवर, बाहेर अंधारात बांधावर त्याचे स्वतःचे लोक, खिडकीतून येईल तेवढं ऐकत. कार्यक्रम रेडिओवरून जायचा होता, तर गोऱ्या निवेदकानं ह्या काळ्या माणसाची ओळख करून द्यायला नकार दिला. आर्मस्ट्राँगनं स्वतःच स्वतःची ओळख करून दिली आणि वाजवायला लागला. आता सांगा, तो हसत होता ते कुणाला रिझवायला?

१९५६ साली त्या लुइझियाना राज्यानं कायदाच केला. काळ्या-गोऱ्यांनी एकत्र खेळायचं नाही, एकत्र करमणुकीचा कार्यक्रम करायचा नाही. म्हणजे मिश्र टीम बंद आणि मिश्र बँडही बंद, एकाच कागदानं. आर्मस्ट्राँगच्या बँडमध्ये दोन्ही रंगांचे वादक. त्यानं जन्मगावात वाजवणं सोडून दिलं, ते थेट १९६५ पर्यंत. मधे १९५७ साली लिटल रॉकच्या शाळेत नऊ काळ्या पोरांना जाऊ देईनात, तेव्हा ह्याच 'दात काढणाऱ्या' माणसानं एका तरुण बातमीदाराजवळ राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवरचा सरळ उद्धार केला आणि सरकारच्या वतीनं रशियाच्या दौऱ्यावर जायला नकार दिला. त्याच्या जागी दुसरा कुणी असता तर एवढ्या बिदागीवर पाणी सोडलं असतं का?

मॅरियन अँडरसनची गोष्ट वेगळी. ती शास्त्रोक्त युरोपी संगीत गाणारी, शूबर्टची गीतं, ऑपेरातले तुकडे. आपल्याकडं कसं म्हणतात, अभिजात संगीताला जात नसते. खोटं आहे. सुरांना नसते, सभागृहांना असते. १९३९ साली वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलच्या मालकीणबायांनी, 'डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन' त्यांचं नाव, तिला हॉल नाकारला. तिथल्या करारातच होतं : फक्त गोरे कलावंत. राष्ट्राध्यक्षांची बायको एलिनॉर रूझवेल्ट हिनं त्या संस्थेचा राजीनामा दिला. आणि ९ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, लिंकनच्या पुतळ्यापुढं उघड्यावर मॅरियन गायली. समोर ७५ हजार माणसं, काळी-गोरी एकत्र, गारठ्यात उभी. तिकीट नाही.

हे आपल्या भाषणांत येतं. पुढचं येत नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरानं तिला रंगमंचावर पाय ठेवू दिला तो १९५५ साली. तिथं प्रमुख भूमिकेत उभी राहिलेली ती पहिली काळी गायिका. तेव्हा ती ५७ वर्षांची होती. आवाजाचे भर दिवस उलटून गेलेले. ते दिवस परत कोण देणार? रेकॉर्डीवर मी तिचा खालचा सूर ऐकतो, विहिरीच्या तळातून आल्यासारखा, तेव्हा मला हाच हिशोब टोचतो.

बेसबॉलमध्ये तर लिहिलेला कायदाही नव्हता. १८८७ च्या सुमारास मालकांनी आपसात समजूत करून टाकली की काळ्याला घ्यायचं नाही. मोझेस फ्लीटवुड वॉकर १८८४ साली वरच्या लीगमध्ये खेळून गेला होता, त्याच्यानंतर दार बंद, साठ वर्षांवर. मग काळ्यांनी आपलं वेगळं आवार बांधलं. १९२० साली रूब फॉस्टरनं निग्रो नॅशनल लीग काढली. तिथला जॉश गिब्सन म्हणजे असा फटकेबाज की चेंडू गेला की लोक आभाळाकडं बघत राहायचे. तो जानेवारी १९४७ मध्ये मेला, वय ३५. रॉबिन्सन गोऱ्यांच्या लीगमध्ये उतरला १५ एप्रिल १९४७ ला. तीन महिन्यांचं अंतर! मे २०२४ मध्ये बेसबॉलच्या कारभाऱ्यांनी निग्रो लीगचे आकडे अधिकृत वहीत धरले. गिब्सनची सरासरी ०.३७२, टाय कॉबची ०.३६७. म्हणजे कॉबला खाली सरकवून गिब्सन पहिला. मरून ७७ वर्षं झाल्यावर.

आता त्या पोराचा 'फितूर'.

पॉल रोबसन हा गायक. सभागृहात काळ्या गुलामांची भजनं घेऊन जाणारा, नट, वकिलीचं शिक्षण घेतलेला. डिसेंबर १९४३ मध्ये तो ब्रॉडवेवर ऑथेल्लो करत होता. त्याच दिवसांत काळ्या वर्तमानपत्रवाल्यांबरोबर तो बेसबॉलच्या मालकांच्या बैठकीत गेला आणि म्हणाला, ही बंदी उठवा. गाणारा माणूस खेळणाऱ्यांसाठी भांडायला गेला, हे लक्षात ठेवा. चार वर्षांनी ज्याला दार उघडलं तो रॉबिन्सन. आणि आणखी दोन वर्षांनी, १८ जुलै १९४९ ला, ह्याच रॉबिन्सनला संसदेच्या एका समितीपुढं रोबसनच्या विरोधात बोलायला उभं केलं. रोबसन कम्युनिस्टांच्या बाजूचा म्हणून. रॉबिन्सन तिथं वर्णद्वेषावरही कडक बोलला. पण पेपरांनी छापलं ते एवढंच, की काळ्या हिरोनं काळ्या लाल्याला झापलं. पुढच्याच महिन्यात पीकस्किल गावात रोबसनच्या गाण्याच्या कार्यक्रमावर जमाव चालून गेला. १९५० मध्ये सरकारनं त्याचा पासपोर्ट काढून घेतला, तो आठ वर्षं दिला नाही.

दार उघडतात ना, त्याचं भाडं असं वसूल करतात.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. पळवणकर बाळू आठवा. पुण्यात हिंदूंच्या टीमला जिंकून देणारा चांभाराचा पोर. मैदानात त्याच्या हातचा चेंडू चाले, चहाच्या वेळी त्याला बाहेर मातीच्या भांड्यात चहा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले, कप्तानपद मात्र कधी मिळालं नाही. आणि १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसनं मुंबईत बाबासाहेबांविरुद्ध उभा केला तो हाच बाळू. बाबासाहेब निवडून आले. बाळू चुकला, हे मी छातीठोक म्हणेन. पण ज्यानं आयुष्यभर बाहेर बसून चहा प्यायला त्याला दोन अक्षरांत फितूर म्हणून मोकळं व्हायला माझी जीभ वळत नाही. उभा करणारे हात कुणाचे होते ते आधी बोला.

रॉबिन्सन तिथंच थांबला नाही. १९७२ साली, मरायच्या थोडं आधी, त्यानं आत्मचरित्रात कबूल केलं की आता कुणी बोलावलं तर अशी साक्ष मी देणार नाही, आणि रोबसनबद्दल माझ्या मनात आदर वाढलाय. राष्ट्रगीताला उभं राहून ते गाणं आता मला जमत नाही, असंही लिहिलं. ज्याच्या सामन्यांआधी ते गीत रोज वाजत होतं, त्यानं. अशा माणसाचं एकच पान फाडून वाचायचं आणि बाकीचं पुस्तक टाकून द्यायचं, ही कसली चळवळ?

आणि मधलं एक पान तर मला फार आवडतं. जून १९६३. दक्षिणेत डॉ. किंगच्या चळवळीतली पोरं तुरुंगात भरलेली. रॉबिन्सननं कनेक्टिकटमधल्या आपल्या घराच्या हिरवळीवर जाझचा जलसा लावला. मोठमोठे वादक आले, डिझी गिलेस्पीसारखे. माणसं गवतावर बसून ऐकत होती, ज्याला जिथं जागा मिळेल तिथं. जमलेले पैसे जामिनासाठी गेले.

हे वाचलं तेव्हा मला १९७४ चा जानेवारी आठवला. वरळीची दंगल, पोरं आत गेलेली, चाळीचाळीतून जामिनासाठी डबा फिरत होता. मी डबा धरलेला, माझ्यापुढं शेजारच्या चाळीतला एक पोरगा हलगी वाजवत चाललेला, लोकांनी दारं उघडावीत म्हणून. आमच्या जिन्यापाशी आलो. बाप दारात उभा. हलगीकडं त्यानं बघितलं नाही. खिशातून दोनाची नोट काढली, डब्यात टाकली, आणि हलगी दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत तसाच दारात उभा राहिला.