ट्रस्ट नोंदवला, पुढे काय? धर्मादाय संस्थांपुढच्या कायदा, कर आणि विम्याच्या अडचणी

तालुक्याच्या गावचे सार्वजनिक वाचनालय, शहराबाहेरचा वृद्धाश्रम, फिरता दवाखाना चालवणारे मंडळ, देवस्थान, शिक्षण संस्था ही सगळी महाराष्ट्रात कायद्याच्या नजरेत एकाच कुळातली आहेत. कायदा त्यांना सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था म्हणतो, लोक ट्रस्ट म्हणतात. अशी संस्था अडचणीत आली की ‘देणग्या आटल्या’ हे कारण सर्वात आधी सांगितले जाते, आणि ते बऱ्याचदा खरेही असते. पण कित्येकदा पैसा बँकेत असतो आणि काढता येत नाही, जागा संस्थेची असते आणि विकता येत नाही, किंवा ‘आपल्याला कर लागतच नाही’ असे धरून चाललेल्या संस्थेला आयकराची नोटीस येते. अशा वेळी मूळ शोधत गेले तर राहून गेलेला एखादा कागद सापडतो. एका कार्यालयात राहिलेला कागद दुसऱ्याच कार्यालयात जाऊन अडवतो.

धर्मादाय आयुक्तांकडची नोंद

महाराष्ट्रात या संस्थांवर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० हा कायदा लागू आहे. पूर्वी त्याच्या नावात ‘महाराष्ट्र’ऐवजी ‘मुंबई’ होते. १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली स्थापन झालेल्या संस्थाही राज्यात ट्रस्ट म्हणून नोंदवाव्या लागतात, त्यामुळे एकाच संस्थेचे दोन नोंदणी क्रमांक असणे ही इथे नेहमीची गोष्ट आहे.

नोंदणीच्या वेळी विश्वस्तांची नावे, मिळकती आणि नियमावली धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीत चढते. त्यानंतर यातले काहीही बदलले, कुणी विश्वस्त वारला, कुणी राजीनामा दिला, निवडणूक झाली, जमीन मिळाली, तर कलम २२ नुसार ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. व्यवहारात त्याला सर्रास ‘चेंज रिपोर्ट’ म्हणतात. लहान संस्था सर्वात जास्त अडखळतात त्या इथेच. निवडणूक होते, नवे अध्यक्ष हारतुरे घेतात, आणि अर्ज द्यायचा राहून जातो. दहा वर्षांनी शेड्यूल एकचा उतारा काढला तर त्यात दिवंगत झालेल्या मंडळींचीच नावे असतात. बँक सही बदलायला तोच उतारा मागते. देणगी देणारी कंपनीही तोच मागते. मग मागचे सगळे बदल अर्ज, विलंब माफीच्या विनंतीसह, क्रमाने दाखल करावे लागतात, कारण मधली एक कडी तुटली असेल तर पुढची निवड कुणी केली हाच प्रश्न उभा राहतो.

संस्थेत दोन गट असले तर परिस्थिती आणखी बिकट होते. दोन्ही गट आपापल्या सभा घेऊन आपापले बदल अर्ज दाखल करतात, त्यावर हरकती, चौकशी आणि अपिले चालतात, आणि निकाल लागेपर्यंत रोजचा कारभार कुणी करायचा यावरून बँक खाते गोठते. शिक्षण संस्थांमध्ये हे इतके सवयीचे झाले आहे की संस्थेच्या कामापेक्षा तिचे खटले गावाला जास्त तोंडपाठ असतात.

स्थावर मिळकतीचा नियम वेगळा आणि अधिक कडक आहे. कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय ती विकता, गहाण टाकता, बदलून घेता किंवा बक्षीस देता येत नाही. शेतजमीन १० वर्षांपेक्षा आणि इमारत किंवा बिगरशेती जमीन ३ वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने द्यायची असली तरी परवानगी लागते. कर्ज काढायलाही पूर्वमंजुरी हवी. नियम मिळकत वाचवण्यासाठी आहे आणि तो नसता तर शहरांमधल्या कित्येक मोक्याच्या जागा केव्हाच बिल्डरांकडे गेल्या असत्या. मात्र गळक्या छपरासाठी कर्ज हवे असलेल्या संस्थेलाही त्याच दारातून जावे लागते, आणि पावसाळा परवानगीची वाट पाहत नाही.

ठेवी कुठे ठेवायच्या

संस्थेचा शिल्लक पैसा कुठे गुंतवायचा हे कलम ३५ ठरवते: बँका, टपाल खाते, सरकारी रोखे अशी ठरावीक ठिकाणे. जास्त व्याजासाठी पैसा ओळखीच्या व्यापाऱ्याकडे ठेवणे हा भंग आहे, व्याज वेळेवर येत असले तरीही.

बँकेत ठेवले म्हणजे पैसा पूर्ण सुरक्षित झाला, असेही नाही. ठेव विमा महामंडळाचे संरक्षण एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाख रुपयांपर्यंत आहे. ४ फेब्रुवारी २०२० पूर्वी ते १ लाख होते. ही मर्यादा त्या बँकेच्या सगळ्या शाखांना मिळून लागते, त्यामुळे चार शाखांत चार ठेवी ठेवून उपयोग होत नाही. पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले आणि जानेवारी २०२२ मध्ये ती युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. त्या योजनेत संस्थात्मक ठेवीदारांच्या विमा मर्यादेवरील रकमेपैकी ८० टक्के भाग वर्षाला १ टक्का लाभांशाच्या प्राधान्य समभागांत बदलला गेला. आयुष्यभराचा कायम निधी एकाच सहकारी बँकेत ठेवलेल्या संस्थांनी हा आकडा दोनदा वाचावा.

आयकर: माफी आपोआप मिळत नाही

धर्मादाय संस्थेचे उत्पन्न करमुक्त असते ते अटींवर. आयकर खात्याकडे वेगळी नोंदणी (पूर्वीची बारा-ए, नंतरची बारा-एबी), देणगीदाराला सवलत मिळावी म्हणून ऐंशी-जी, दरवर्षी उत्पन्नाचा किमान ८५ टक्के भाग उद्दिष्टांवर खर्च, मुदतीत लेखापरीक्षण अहवाल आणि विवरणपत्र, अशी ती यादी आहे. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम, २०२५ लागू झाल्याने कलमांचे आणि फॉर्मचे आकडे बदलले आहेत. संस्थांच्या कार्यालयांत मात्र जुनेच आकडे बोलले जातात, म्हणून इथेही तेच वापरले आहेत.

पूर्वी बारा-ए एकदा मिळाले की कायमचे असे. २०२१ पासून ते संपले आणि नोंदणी पाच वर्षांची झाली. त्या वेळी नव्याने नोंदणी झालेल्या असंख्य संस्थांची मुदत ३१ मार्च २०२६ ला संपणारी होती आणि नूतनीकरणाचा अर्ज त्याआधी सहा महिने, म्हणजे ३० सप्टेंबर २०२५ पर्यंत करायचा होता. मागच्या दोन वर्षांत वार्षिक उत्पन्न ५ कोटींच्या आत असलेल्या संस्थांना आता दहा वर्षांची नोंदणी मिळू शकते. हा दिलासा खरा आहे, पण दहा वर्षांनी तारीख कोण लक्षात ठेवणार, हा प्रश्नही तितकाच खरा आहे.

तारीख चुकल्याची किंमत मोठी असू शकते. २०२३ च्या वित्त कायद्याने नूतनीकरणाचा अर्ज वेळेत न करणे हे जणू संस्थेने धर्मादाय रूप सोडल्यासारखे मानले. तसे झाले की मालमत्तेच्या बाजारमूल्यातून देणी वजा करून उरलेल्या रकमेवर सर्वोच्च दराने कर लागतो. समजा, एका वाचनालयाचा जुना वाडा आज ३ कोटींचा आहे आणि देणी २० लाखांची. करासाठीची रक्कम २ कोटी ८० लाख. नुसता ३० टक्के दर धरला तरी, अधिभार आणि उपकर सोडून, ८४ लाख होतात. वाचनालयाची वर्षाची वर्गणी तीन लाखही नसेल. वाडा विकून कर भरायचा म्हटले तर वर सांगितलेली कलम ३६ ची परवानगी आडवी येते. उशीर सबळ कारणाने झाला असेल तर तो माफ करण्याचा अधिकार आयकर आयुक्तांना २०२४ पासून मिळाला आहे. पण माफी मागावी लागते आणि कारण पटवावे लागते.

देणगीच्या बाजूलाही पेच आहेत. रोख देणगी २,००० रुपयांपेक्षा जास्त असेल तर दात्याला ऐंशी-जीची सवलत मिळत नाही. कोणी किती दिले याचे विवरण (१०-बीडी) ३१ मेपर्यंत भरायचे, उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये. नाव-पत्ता नसलेल्या देणग्या ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्या तर त्यांवर ३० टक्के कर. निव्वळ धार्मिक संस्थेच्या दानपेटीला यातून सूट आहे, वृद्धाश्रमाच्या पेटीला नाही. शिवाय नव्या कर प्रणालीत ऐंशी-जीची वजावटच नाही आणि २०२३-२४ पासून ती प्रणाली आपोआप लागू होणारी झाली. ‘पावतीवर सवलत मिळेल’ हे वाक्य पगारदार दात्याला आता पूर्वीसारखे हलवत नाही.

जीएसटीबद्दल थोडक्यात: ‘धर्मादाय कार्य’ या शब्दाची तिथली व्याख्या अरुंद आहे. देवस्थानाच्या आवारातील सभागृहाचे भाडे दिवसाला १०,००० रुपये किंवा त्याहून जास्त असेल तर माफी जाते, आणि शुल्क घेऊन चालवलेले शहरातले प्रशिक्षण वर्ग त्या व्याख्येत बसतीलच असे नाही.

परदेशी आणि कंपन्यांचा पैसा

परदेशी देणगीसाठी एफसीआरए नोंदणी लागते. २०२० च्या दुरुस्तीने पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच यायला हवा, प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत हवा (आधी ५० होता), आणि आलेला निधी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. या शेवटच्या अटीचा फटका सर्वात खोलवर बसला. आदिवासी पट्ट्यातल्या छोट्या गटांना मुंबई-पुण्याच्या मोठ्या संस्थांमार्फत येणारा पैसा त्यामुळे थांबला. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये या दुरुस्त्या मुख्यतः कायम ठेवल्या.

त्या मानाने कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी जवळचा वाटतो. त्यासाठी सीएसआर-१ नोंदणी हवी, आणि पैसा प्रकल्पाला बांधलेला असतो. शाळेच्या संगणकांना निधी मिळतो, हिशेबनीसाच्या पगाराला मिळत नाही. मग वर सांगितलेल्या तारखा सांभाळायला माणूस कुठून आणायचा?

विमा: कुणाचा आणि कशाचा

माटुंग्याच्या किंग्ज सर्कल येथील जीएसबी सेवा मंडळाच्या गणपतीचा विमा दरवर्षी बातमीत येतो. २०२५ मध्ये तो ४७४.४६ कोटींचा होता. सोन्यामुळे एवढा आकडा, असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात सोन्या-चांदीचा भाग ६७.०३ कोटी होता. ३७५ कोटी होते ते स्वयंसेवक, पुजारी, आचारी, सुरक्षारक्षक यांच्या वैयक्तिक अपघात विम्याचे, आणि ३० कोटी सार्वजनिक दायित्वाचे.

ही विभागणी लहान संस्थांनी पाहण्यासारखी आहे, कारण त्यांच्याकडे बहुधा उलटे असते: इमारतीचा विमा असतो, माणसांचा नसतो. कर्मचारी भरपाई विमा पगारी नोकरांसाठी आहे. रक्तदान शिबिराचा मांडव बांधताना पडलेला स्वयंसेवक नोकर नसतो, म्हणून तो त्यात येत नाही. त्याच्यासाठी गट अपघात विमा वेगळा घ्यावा लागतो. कार्यक्रमाला आलेल्या तिऱ्हाईताला इजा झाली तर उपयोगी पडतो तो सार्वजनिक दायित्व विमा, आणि तो काही दिवसांसाठीही मिळतो. आरोग्य विम्यात वेगळीच गंमत आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून व्यक्तिगत पॉलिसीवरचा जीएसटी गेला, गट पॉलिसीवर राहिला. म्हणजे सेविकांसाठी एकत्र विमा घेणाऱ्या संस्थेला कर आहे.

दवाखाना चालवणाऱ्या संस्थांचा एक गैरसमज जुना आहे: मोफत उपचार, म्हणून ग्राहक कायदा लागू नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात सांगितले की सगळ्यांनाच मोफत सेवा असेल तर कायदा लागू नाही, पण काही रुग्ण पैसे देत असतील तर मोफत उपचार घेणारेही ग्राहक ठरतात. केस पेपरचे नाममात्र शुल्क सर्वांनाच असेल, तर तेवढ्याने फरक पडत नाही. काही रुग्णांकडून उपचाराचे पैसे घेणाऱ्या धर्मादाय रुग्णालयाला त्यामुळे व्यावसायिक दायित्वाचा विमा लागतोच.

इमारतीचा विमा असतो तिथेही रक्कम जुनी असते. ८० लाखांच्या इमारतीचा विमा ४० लाखांचाच असेल आणि आगीत १० लाखांचे नुकसान झाले, तर कंपनी प्रमाणात कापून ५ लाख देते. ५ कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी असलेल्या ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतची अशी तूट माफ आहे, निम्मी नाही.

पैशाच्या अफरातफरीसाठी फिडेलिटी विमा मिळतो. त्यात ‘कर्मचारी’ कोण ही व्याख्या आधी वाचावी, कारण बहुतेक संस्थांत रोकड हाताळतो तो मानद खजिनदार, आणि त्याला पगार नसतो. त्याचे पद पॉलिसीत स्पष्ट लिहून घेतले नसेल तर दावा तिथेच अडतो. विश्वस्तांच्या घोर निष्काळजीपणामुळे संस्थेचे नुकसान झाले तर ते त्यांच्याकडून वैयक्तिकरीत्या वसूल करण्याचा आदेश धर्मादाय आयुक्त कलम ४१ खाली देऊ शकतात. दायित्व विमा घेतला तरी दंड आणि लबाडी त्यात सहसा येत नाही.