सुगंधी होस्टाची कुळकथा

दुपारचे चार वाजून गेले कीं या झाडाच्या दांड्यावरील लांबट शुभ्र कळ्या उमलूं लागतात, आणि दिवेलागणीस सारें अंगण दरवळून जातें. आपल्याकडील निशिगंधाची आठवण व्हावी असें हें फूल मूळचें चीनचें. तेथील स्त्रिया केसांत जेड दगडाचे आंकडे खोवीत. कळीचा घाट तसाच, म्हणून चिनी लोकांनीं त्यास 'जेडचा आंकडा' हेंच नांव दिलें. होस्टाच्या अनेक जाती चीन, जपान व कोरियांत आहेत. परंतु खरा सुवास काय तो या एकीचाच.

युरोपांत ती आली मकावहून. १७८४ नंतरच्या पांच वर्षांत द गिन्य नामक फ्रेंच वकिलानें तिचें बीं पॅरिसच्या राजोद्यानांत धाडलें. आणि बॅस्टीलचा तुरुंग फुटला त्याच १७८९ सालीं लामार्कनें तिचें शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलें.

नांवाची कथा मात्र चमत्कारिक आहे. १८१२ सालीं ट्राटिनिक यानें ऑस्ट्रियाच्या बादशहाचे वैद्य व वनस्पतिशास्त्रज्ञ होस्ट यांच्या सन्मानार्थ या वर्गास 'होस्टा' म्हटलें. परंतु तें नांव पूर्वींच दुसऱ्या एका वनस्पतीस दिलें गेलें होतें. म्हणून १८१७ सालीं श्प्रेंगेल यानें फुंक नांवाच्या एका औषधविक्यावरून 'फुंकिया' हें नवें नांव काढलें, व माळी लोकांच्या तोंडीं तेंच बसलें. अखेर १९०५ सालीं, होस्टच्याच व्हिएन्ना शहरीं भरलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या परिषदेनें जुनें नांव कायम केलें. होस्ट बिचारे १८३४ सालींच वारले होते!

बागवानांनीं या झाडास पुरता न्याय दिला असेंही नाहीं. इंग्लंड-अमेरिकेंत होस्टा लावतात ती मुख्यतः पानांसाठीं. पट्टेदार पानांचा सोस इतका, कीं कित्येक जण फुलांचे दांडे कापूनच टाकतात. सुवासिक संकर करणेंही सोपें नव्हे. कारण इतर जाती सकाळीं उमलतात, ही सायंकाळीं. तरीही 'हनीबेल्स' व 'रॉयल स्टँडर्ड' हे सुगंधी वाण तिच्याच वंशांतले.

इतर होस्टा सावलींत सुखानें नांदतात. हिला सकाळचें ऊन, भरपूर पाणी आणि उन्हाळ्याची ऊब लागते. इंग्लंडच्या गार उन्हाळ्यांत ती फुलावयास कुरकुरते, तर अमेरिकेंतील उष्ण भागांत भरभरून फुलते. तेथें तिला 'ऑगस्ट लिली' असेंही म्हणतात. हिवाळ्यांत पानें झडून गड्डा जमिनींत निजतो, व ही थंडीची झोप झाल्याखेरीज त्यास जोमदार फूट येत नाहीं. पुण्या-मुंबईच्या हिवाळ्यांत ती झोप मिळावयाची नाहीं. येथील अंगणांत सायंकाळचें काम निशिगंधच करतो.