चकतीचा वेग आणि उसातली तार : रिलेच्या वक्ररेषेचा इतिहास

१/ जुन्नर-आंबेगावच्या शिवारात शेतीपंपांची वीज येते, तेव्हा ऑटो स्विच लावलेले पंप एकाच वेळी सुरू होतात. मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. हा भार आहे की बिघाड, हे उपकेंद्रातील रिलेला काही सेकंदांत ठरवावे लागते. त्या निवाड्यामागे शतकाहून अधिक काळाचा इतिहास आहे.

२/ प्रारंभी संरक्षण म्हणजे फ्यूजची तार. प्रवाह फार वाढला की ती झटकन वितळे. थोडाच वाढला तर वेळ घेई. मात्र प्रत्येक वेळी ती नवी बसवावी लागे. १९१५ मध्ये खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. एवढ्या लांबच्या उच्चदाब वाहिन्यांना अशा तारेपेक्षा शहाणा पहारेकरी हवा होता.

३/ तो वीजमीटरच्या कुळातून आला. १८८९ मध्ये बुडापेस्टच्या ओट्टो ब्लाथी यांनी प्रेरणतत्त्वावर चालणारा मीटर सिद्ध केला. जुन्या घरांतील मीटरमध्ये फिरणारी अ‍ॅल्युमिनियमची चकती आपल्याला आठवत असेल. तशीच चकती रिलेमध्ये आली.

४/ रिलेत स्प्रिंग चकतीला रोखून धरते. प्रवाह मर्यादेपलीकडे गेला की ती फिरू लागते आणि ठरलेले अंतर कापल्यावर ब्रेकरला आज्ञा देते. प्रवाह जितका अधिक, तितका वेळ कमी. पण प्रवाह फारच वाढला की लोखंडी गाभा संपृक्त होतो, चकतीचा वेग आणखी वाढत नाही आणि वेळ एका किमान मूल्याशी स्थिरावतो. लोखंडाच्या या मर्यादेनेच वक्ररेषेला तिचा आकार दिला.

५/ अभियंत्याच्या हाती दोन किल्ल्या राहिल्या. प्लगने प्रवाहाची मर्यादा ठरते : ५० ते २०० टक्के, २५-२५ च्या पायऱ्यांनी. डायलने चकतीने कापायचे अंतर ठरते. प्रमाण वक्ररेषेवर डायल १ वर असताना मर्यादेच्या दुप्पट प्रवाहाला सुमारे १० सेकंद लागतात, दहापटीला सुमारे ३.

६/ खरी कसोटी क्रम लावण्याची. शेताकडे जाणाऱ्या ११ केव्ही फीडरचा रिले आधी उठला पाहिजे. त्याला अपयश आले, तरच मागचा. म्हणून दोन टप्प्यांत साधारण ०.३ ते ०.४ सेकंदांचे अंतर ठेवतात. ते चुकले तर एका वस्तीवरच्या बिघाडाने सारे गाव अंधारात जाते.

७/ १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. पुढे येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या कुकडी प्रकल्पाच्या धरणांनी दोन्ही तालुक्यांचे शिवार पालटले. ऊस वाढला, पंप वाढले आणि तारा उसावरून धावू लागल्या.

८/ येथेच पेच आहे. वीज येताच फीडर पुन्हा पुन्हा ट्रिप होऊ लागला, तर मर्यादा वाढवण्याचा मोह होतो. परंतु तुटून जमिनीवर पडलेल्या तारेतून, विशेषतः कोरड्या मुरमावर, कधी मोजकेच अँपिअर वाहतात. रिलेच्या दृष्टीने तो भारापेक्षाही क्षुल्लक प्रवाह असतो. तार जिवंत राहते.

९/ यासाठी अर्थ फॉल्ट रिले वेगळा बसवतात. तो तिन्ही फेजच्या प्रवाहांची बेरीज पाहतो. संतुलित भारात ती शून्याजवळ असते, म्हणून त्याची मर्यादा बरीच खाली ठेवता येते. तरीही खडकाळ जमिनीवरची प्रत्येक तार त्याला दिसेलच असे नाही.

१०/ आज चकतीची जागा संगणकीय रिलेने घेतली आहे. पण त्याच्या सूत्रात तीच जुनी वक्ररेषा आहे. न फिरणाऱ्या चकतीचा वेग यंत्र अजूनही मोजत असते.

११/ रात्रपाळीची वीज आली की या भागातील शेतकरी बॅटरी घेऊन, बिबट्याचा कानोसा घेत उसात शिरतो. त्याच उसात पडलेली तार आवाज करीलच असे नाही. म्हणून दिवसा विजेची त्याची मागणी केवळ सोयीची नाही; जिथे रिलेची नजर पोहोचत नाही, तिथे माणसाची नजर पोहोचावी यासाठीही ती आहे. पडलेली तार दिसली, तर ती मृत समजू नये. दूर राहून उपकेंद्राला कळवावे.